मदरबोर्डचा चिपसेट आणि रॅम: अपग्रेडआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेतू केंद्र, कृषी सेवा केंद्र, फोटो स्टुडिओ, घरी पोरांच्या अभ्यासाचा पीसी. विदर्भातल्या तालुक्यांतून येणारे प्रश्न फिरून फिरून हेच असतात, म्हणून ते एका जागी आणले आहेत. भाव मुद्दाम दिलेले नाहीत. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे काही चढले की छापलेला आकडा टिकत नाही. त्या दिवशीचा भाव दोन दुकानांत विचारूनच घ्या.

१. चिपसेट म्हणजे नेमकं काय? भारी चिपसेटचा बोर्ड घेतला तर पीसी फास्ट होते का?

नाही. युएसबी, साटा (हार्ड डिस्क आणि एसएसडीची जोडणी), लॅन, साउंड यांची ये-जा सांभाळणारी, बोर्डावर छोट्या हीटसिंकखाली बसलेली चिप म्हणजे चिपसेट. गोठ्यातल्या खुंट्यांसारखं समजा: बैल किती बांधता येतील ते खुंट्यांवरून ठरतं, ते किती नेटानं ओढतील ते नाही. तोच इंटेलचा आय५-१०४०० प्रोसेसर एच४१० चिपसेटच्या बोर्डावर लावा नाहीतर बी५६० वर, टॅली तेवढ्याच वेळात उघडेल.

रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर तर आता चिपसेटमध्ये नसतोच. एएमडीने तो २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये प्रोसेसरच्या आत नेला. कोअर २ ड्युओच्या जमान्यातल्या जी४१ बोर्डात मात्र तो चिपसेटमध्येच आहे, म्हणून ते बोर्ड रॅमच्या बाबतीत जास्त नखरे करतात (प्रश्न १२).

मग चिपसेट बघायचा कशाला? कोणत्या पिढीचा प्रोसेसर चालेल, रॅम किती बसेल आणि रॅमचा स्पीड वर नेता येईल का, या तीन गोष्टींसाठी. खरेदीआधी या मर्यादा माहीत पाहिजेत.

२. पीसी न उघडता चिपसेट आणि रॅम कोणती आहे हे कसं पाहायचं?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडला की परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. किती जीबी, कोणता स्पीड, किती स्लॉट भरलेत हे तिथे दिसतं. स्लॉटचा आकडा काही बोर्डांत चुकीचा येतो, तेव्हा पैसे देण्याआधी एकदा झाकण उघडून डोळ्यानं मोजा.

बोर्डाचं मॉडेल पाहायला स्टार्टमध्ये सिस्टम इन्फर्मेशन शोधा आणि बेसबोर्ड प्रॉडक्टची ओळ वाचा. मॉडेलच्या नावातच बहुतेक वेळा चिपसेट असतो. तिथे काहीच अर्थ लागला नाही तर सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या: मेनबोर्डमध्ये चिपसेट, एसपीडीमध्ये प्रत्येक स्लॉटमधल्या रॅमची कुंडली. दुकानात जाताना या दोन्ही पानांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. "डेलचा काळा पीसी आहे" एवढ्यावरून कोणीच बरोबर रॅम देऊ शकत नाही.

३. माझ्या बोर्डात जास्तीत जास्त किती रॅम बसते?

आपल्याकडे जे बोर्ड जास्त दिसतात त्यांचा हिशोब असा:

- जी४१: डीडीआर३ (डीडीआरपुढचा आकडा म्हणजे रॅमची पिढी) असेल तर ८ जीबी.
- एच६१ (इंटेल दुसरी-तिसरी पिढी): दोन स्लॉट, ८-८ करून १६ जीबी, डीडीआर३.
- एच८१ (चौथी पिढी): तेच, १६ जीबी, डीडीआर३ १६००.
- एच११० (सहावी-सातवी): दोन स्लॉट, ३२ जीबी, बहुतेकांत डीडीआर४.
- एच३१० (आठवी-नववी): दोन स्लॉट, ३२ जीबी, डीडीआर४.
- एच४१० (दहावी), एच५१० (दहावी-अकरावी): दोन स्लॉट, ६४ जीबी, डीडीआर४.
- एच६१० (बारावी ते चौदावी): दोन स्लॉट, डीडीआर४ किंवा डीडीआर५, बोर्डावर अवलंबून.

एएमडीकडे ए३२०, बी४५०, ए५२०, बी५५० हे सगळे एएम४ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) आणि डीडीआर४ चे. २०२२ ला आलेल्या एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते.

शेवटचा शब्द बोर्ड कंपनीच्या पानाचा. एच६१ मध्ये १६ जीबीची एकच रॅम टाकून पाहू नका. तो प्रोसेसर एका स्लॉटात ८ जीबीच्या वर ओळखतच नाही.

४. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसवता येते का?

नाही. खाच वेगळ्या जागी असते, व्होल्टेजही वेगळं: डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाच जुळत नाही. जोर लावाल तर स्लॉट फुटेल.

एक बारीक अपवाद: एच११० च्या काही बोर्डांवर डीडीआर३एल चे स्लॉट आहेत. तिथे १.३५ व्होल्टचीच रॅम टाका. जुन्या पीसीतली १.५ व्होल्टची डीडीआर३ त्यात बसते, पण सहाव्या पिढीच्या प्रोसेसरमधल्या कंट्रोलरला ती घातक ठरू शकते. उलटं, एच८१ मध्ये डीडीआर३एल टाकली तर काही बिघडत नाही.

५. ४ जीबी आहे. ८ करू की १६? आणि रॅम आधी की एसएसडी?

हार्ड डिस्कवर विंडोज असेल तर आधी एसएसडी. एच६१ चा साटा ३ जीबीपीएसचाच आहे, त्यामुळे एसएसडीचा अर्धाच स्पीड मिळेल, तरीही फरक पहिल्याच बूटला कळतो. एच६१ वर एम.२ एनव्हीएमई कार्ड लावायच्या फंदात पडू नका, जुना बायोस (पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डातला प्रोग्राम) त्यावरून बूट करत नाही. साधी २.५ इंची साटा एसएसडी घ्या.

रॅमचं म्हणाल तर अंदाजानं ठरवू नका, मोजा. रोजचं काम पूर्ण भरात असताना, म्हणजे ब्राउझरमध्ये सातबारा, दाखल्यांचं पोर्टल, बायोमेट्रिकचं सॉफ्टवेअर, प्रिंटर सगळं चालू असताना, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली कमिटेड पाहा. पहिला आकडा तुमच्या रॅमपेक्षा मोठा असेल तर पीसी बहुधा डिस्कवर लिहू-वाचू लागला आहे, आणि हँग होण्याचं कारण तेच असावं. सेवा केंद्राला ८ जीबी चालून जाते. लग्नसराईत अल्बम डिझाईन करणाऱ्याला १६ च्या खाली भागत नाही, कारण फोटोशॉपच्या एका मोठ्या पीएसडीत लेयर वाढले की ती एकटी फाईल कित्येक जीबी खाते.

विंडोज ३२ बिटचा असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम वाया जाते. सेटिंग्जमध्ये सिस्टम टाईप पाहा, ३२ बिट असेल तर आधी ६४ बिट टाकून घ्या.

६. ८ जीबीची एकच घेऊ की ४-४ च्या दोन?

प्रोसेसरला रॅमकडे जायला दोन वाटा असतात, म्हणजे दोन चॅनेल. एकच रॅम लावली तर एक वाट रिकामी राहते. डीडीआर४ २६६६ चा एका चॅनेलचा वेग सेकंदाला सुमारे २१.३ जीबी, दोन चॅनेलचा ४२.६.

टॅली, वर्ड, ब्राउझर यांत हा फरक हाताला जाणवत नाही. जाणवतो तो ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीत, कारण तिथे ग्राफिक्सही त्याच रॅमवर जगतं. रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर एका रॅमवर चालवणं म्हणजे अर्धे पैसे पाण्यात. तिथे ८-८ च्या दोनच घ्या.

दोनच स्लॉट आहेत, आज बजेट ८ चं आहे आणि पुढच्या वर्षी वाढवायचं नक्की आहे, तर ८ ची एक घ्या. ४-४ घेतल्या तर पुढे दोन्ही काढाव्या लागतील.

चार स्लॉटच्या बोर्डात दोन रॅम लावताना प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट भरा. शेजारी-शेजारी लावल्या तर बहुतेक बोर्डांत दोन्ही एकाच चॅनेलवर जातात.

७. जुनी ४ जीबी आहे, तिच्यासोबत नवी ८ जीबी चालते का? कंपनी वेगळी असली तर?

बहुतेक वेळा चालते. इंटेलवर ४ अधिक ८ लावली तर ४-४ चा भाग दोन चॅनेलवर आणि उरलेली ४ एका चॅनेलवर चालते. स्पीड दोघींत जी हळू तिचा. जुनी २१३३ ची आणि नवी ३२०० ची असेल तर दोन्ही २१३३ वर. मग नवी महाग कशाला घेता?

कंपनीपेक्षा टायमिंग (प्रश्न ९) न जुळणं जास्त त्रास देतं. पहिल्या पिढीच्या रायझनवर मिसळलेल्या रॅमचा त्रास विशेष आहे. मिसळणारच असाल तर दुकानातच लावून पाहा आणि घरी आल्यावर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एक जरी लाल ओळ आली तरी रॅम परत करा. एक-दोन एररनं काय होते म्हणून ठेवून घेतली, तर कधीतरी टॅलीचा डेटा करप्ट झाल्यावर कळेल.

८. डब्यावर ३२०० लिहिलं आहे, टास्क मॅनेजर २६६६ दाखवते आणि सीपीयू-झेड १३३३. दुकानदारानं फसवलं का?

फसवलं नाही. सीपीयू-झेड खरा क्लॉक दाखवतो आणि डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, म्हणून १३३३ ची दुप्पट २६६६.

३२०० का नाही, हे प्रोसेसर आणि चिपसेट मिळून ठरवतात. आय३-१०१०० आणि आय५-१०४०० ची मर्यादा २६६६ आहे. आय५-८४०० ची २६६६, आय३-८१०० ची २४००. अकराव्या पिढीच्या आय५-११४०० ला ३२०० मिळते. मर्यादेच्या वर जायचं तर चिपसेटनं परवानगी द्यायला पाहिजे, आणि एच मालिकेतले स्वस्त बोर्ड ती देत नाहीत. एच५१० नाही, बी५६० हो. एच६१० नाही, बी६६० हो. परवानगी असली तरी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅममध्येच लिहून ठेवलेली जास्त स्पीडची सेटिंग) चालू करावं लागतं, ते आपोआप होत नाही. एएमडीचे बी४५०, बी५५० आणि ए५२० सुद्धा रॅमचा स्पीड वाढवू देतात.

म्हणजे एच४१० किंवा एच५१० वर १०४०० असेल तर ३६०० ची गेमिंग रॅम घेऊन काहीही हाती लागत नाही.

९. सीएल१६ आणि सीएल२२ मध्ये काय फरक? डीडीआर५ चा सीएल ४० म्हणजे ती हळू का?

सीएल म्हणजे मागणी केल्यापासून डेटा येईपर्यंतचे ठोके. नुसता आकडा पाहून काही कळत नाही, तो वेळेत बदलावा लागतो: सीएलला २००० नं गुणा आणि रॅमच्या स्पीडनं भागा, उत्तर नॅनोसेकंदात.

डीडीआर३ १६०० सीएल११: १३.७५. डीडीआर४ ३२०० सीएल२२: तेवढेच, १३.७५. डीडीआर४ ३२०० सीएल१६: १०. डीडीआर५ ४८०० सीएल४०: १६.७. डीडीआर५ ६००० सीएल३०: पुन्हा १०.

थांबण्याचा वेळ इतक्या वर्षांत फारसा बदललेला नाही, वाढली ती वाहून नेण्याची क्षमता: एका चॅनेलला १६०० वर १२.८ जीबी, ४८०० वर ३८.४ जीबी. डीडीआर५ मोठ्या व्हिडिओत आणि ग्राफिक्समध्ये फायदा देते, लहान-सहान कामात ती पुढे दिसेलच असं नाही. दुकानात ३२०० च्या सीएल१६ आणि सीएल२२ मध्ये भावाचा फरक थोडा असेल तर सीएल१६ घ्या. पण प्रश्न ८ मधली अट लक्षात ठेवा: सीएल१६ हे टायमिंग सहसा एक्सएमपीतच असतं.

१०. सॉकेट तेच आहे, मग बोर्ड न बदलता प्रोसेसर का चालत नाही?

सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात, म्हणून हे सावकाश वाचा.

एच११० आणि एच३१० दोन्ही एलजीए ११५१ चे. तरीही एच११० वर आठवी पिढी चालत नाही आणि एच३१० वर सहावी-सातवी चालत नाही. प्रोसेसर बसेल, पीसी चालू होणार नाही.

एच४१० आणि बी४६० दहाव्या पिढीसाठी. अकरावी हवी तर एच५१० किंवा बी५६०. एच४१० च्या नावाखाली नंतर निघालेल्या काही बोर्डांवर अकरावीही चालते, पण ते बोर्ड कंपनीच्या सपोर्ट लिस्टमध्ये आवृत्तीसकट लिहिलेलं दिसलं तरच माना.

एएमडीत उलटा गोंधळ. नाव रायझन ३ ३२००जी, म्हणून लोक तिसऱ्या पिढीचा समजतात, पण आतून तो आधीच्या पिढीचा आहे आणि बी५५०, ए५२० वर अधिकृतपणे चालत नाही. त्याला बी४५० किंवा ए३२० लागतो. ए३२० वर ५६००जी लावायचा तर आधी बायोस अपडेट, तोही जुना प्रोसेसर लावलेला असतानाच. नवा लावल्यावर स्क्रीनच आली नाही तर अपडेट कुठून करणार? बायोस अपडेट करताना पीसी यूपीएसवर पाहिजे. मध्येच लाईन गेली तर बोर्ड मेलाच समजा. लोडशेडिंगची वेळ पाहून बसा.

११. नवी रॅम टाकली, पंखा फिरते पण स्क्रीन काळीच राहते. काहून?

दहापैकी बहुतेक वेळा रॅम नीट बसलेली नसते. या क्रमानं जा:

पीसी बंद करून वायर काढा आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. रॅम काढा. सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, रबराचा भुगा ब्रशनं झाडा. स्लॉटमध्ये तोंडानं फुंकू नका, थुंकीची वाफ आत जाते. रॅम सरळ ठेवून दोन्ही टोकांवर अंगठ्यानं दाबा, कट् आवाज आला पाहिजे. काही बोर्डांत एकाच बाजूला कुलूप असतं, तिथे दुसरं टोक अर्धवट राहून जातं.

तरी नाही? एकच रॅम, एकेका स्लॉटमध्ये लावून पाहा. मग बोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२, पाच मिनिटं काढून परत लावा म्हणजे बायोसची सेटिंग मूळपदावर येईल. डीडीआर५ च्या पीसीत पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन येत नाही, तेव्हा रॅमची जुळणी चालू असते. घाईनं बंद करू नका.

पावसाळ्यात चालता-चालता हाच त्रास सुरू झाला तर पट्ट्यांवर ओल आणि मळ धरलेला असतो. उन्हाळ्यात पीसी कूलरच्या झोतात ठेवला असेल तरी तेच होतं. जिनिंगजवळच्या गावांत पंख्यात रुईची तूस अडकते ती वेगळीच.

१२. स्वस्तात ८ जीबी डीडीआर३ मिळते, त्यावर फक्त एएमडीसाठी लिहिलं आहे. इंटेलवर चालेल का?

नाही. त्यातल्या चिपांची रचना इंटेलचा कंट्रोलर वाचू शकत नाही. जी४१ ची अडचण तशीच: त्याला ४ जीबीची रॅम १६ चिपांची लागते, ८ चिपांची नवी रॅम तो ओळखत नाही. दोन्ही बाजूंच्या चिपा मोजूनच घ्या.

सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड डीडीआर४ सुद्धा स्वस्त मिळते. ती साध्या बोर्डाच्या स्लॉटमध्ये छान बसते, फक्त पीसी चालू होत नाही.

१३. १६ जीबी टाकली, पण वापरायला कमीच दाखवून राहिली. बाकीची कुठे गेली?

१३.९ दिसत असेल तर २ जीबी आतल्या ग्राफिक्सनं राखून ठेवली आहे. रायझनच्या बायोसमध्ये यूएमए फ्रेम बफर (म्हणजे हीच राखीव रॅम) कमी करता येतो. थेट अर्धी, म्हणजे ७.९ दिसत असेल तर सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये बूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडून मॅक्सिमम मेमरीवरची खूण काढा. तिथे खूण नसेल तर रॅम नीट बसवा (प्रश्न ११). एका चॅनेलचे सगळे स्लॉट कायम मेलेले असतील तर इंटेल बोर्डात प्रोसेसर काढून सॉकेटची पिन वाकली आहे का ते मोबाईलच्या टॉर्चनं तिरपं पाहा.

१४. रिफर्बिश्ड ऑफिस पीसी घेऊन वाढवत नेला तर चालेल का?

रॅम आणि एसएसडीपुरता चालेल. बोर्ड बदलायचं मनात असेल तर नको. उदाहरणार्थ डेलच्या ऑप्टिप्लेक्स ३०२० चा चिपसेट एच८१, आणि पॉवर सप्लायचं कनेक्टर नेहमीच्या २४ ऐवजी ८ पिनचं. बोर्ड उडाला तर बाजारातला बोर्ड त्या सप्लायवर लागत नाही.

विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका लागते, सोबत टीपीएम २.० (सुरक्षेची सोय). विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बँकेची आणि दाखल्यांची कामं चालणाऱ्या केंद्रानं आता एच३१० च्या खालचा पीसी विकत घेऊ नये. घरी आधीच एच६१ किंवा एच८१ असेल तर सेकंडहँड डीडीआर३ पलीकडे त्यावर खर्च नको, कारण ती रॅम पुढच्या कोणत्याही पीसीत जाणार नाही. एच११० मधली डीडीआर४ मात्र एच५१० किंवा डीडीआर४ वाल्या एच६१० मध्ये नेता येते.

१५. चायनाचा एक्स९९ बोर्ड, झिऑन (इंटेलचा सर्व्हरचा प्रोसेसर) आणि ३२ जीबी रॅम असा सेट स्वस्त मिळते. घ्यावा का?

व्हिडिओ रेंडर करणाऱ्यानं विचार करावा, बाकीच्यांनी सोडून द्यावा. त्यावर प्रश्न १२ मधली सर्व्हर रॅम चालते, म्हणून सेट स्वस्त पडतो. पण नाव एक्स९९ असलं तरी अशा पुष्कळ बोर्डांवर जुन्या बोर्डातून काढलेला बी८५, क्यू८७ किंवा एच८१ चिपसेट असतो, म्हणजे साटा आणि युएसबी त्या चिपसेटच्या हिशोबानं. झिऑन ई५ ला आतलं ग्राफिक्स नाही, कार्ड वेगळं घ्यावं लागतं. ई५-२६८० व्ही४ चा टीडीपी (भारावर प्रोसेसर किती वीज ओढतो त्याचा अंदाज) १२० वॉट आहे, तेव्हा इन्व्हर्टरवर किती वेळ निघेल तेही आधी मोजा. आणि बिलावर वॉरंटी कोण देणार हे लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.